एजंट क्षमस्व

घर विकायला किंवा घ्यायला दलाल लागतोच असे कायदा कुठेही म्हणत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याला विकणारा हवा, घेणारा हवा आणि ठरलेली किंमत हवी. १९०८ च्या नोंदणी कायद्याला दस्त हवा आणि तो कबूल करायला माणसे हजर हवीत. तिसऱ्या माणसाची जागा या दोन्ही कायद्यांत रिकामीही ठेवलेली नाही. तरी महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात घराचा विषय निघाला की पहिला फोन एजंटला जातो. एकमेकांना कधीही न पाहिलेल्या दोन कुटुंबांमध्ये त्यांच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत मोठा व्यवहार व्हायचा असतो. त्यासाठी योग्य माणूस शोधावा लागतो, किंमत ठरवावी लागते, कागद तपासावे लागतात आणि दोघांचा एकमेकांवरचा विश्वास शेवटची रक्कम पोचेपर्यंत टिकवावा लागतो. एजंटला वगळले म्हणून ही कामे वगळली जात नाहीत. ती घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या अंगावर येतात. मध्यस्थाविना झालेला व्यवहार चांगला ठरला की वाईट, हे त्या दोघांनी ती कामे किती मनापासून केली यावर अवलंबून असते.

पूर्वी ही कामे ओळख करत असे. गावात घर विकायचे झाले तर आधी भावकीत आणि शेजारी विचारणे होई. घराचा इतिहास, भिंतीचा वाद, कुणाचा किती हिस्सा, हे साऱ्या आळीला पाठ असे. शहरातल्या सुरुवातीच्या गृहनिर्माण संस्थाही ओळखीच्या पायावरच उभ्या राहिल्या. मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये सहकार चळवळीतल्या तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, तेव्हा एका समाजातली, एकमेकांना जाणणारी कुटुंबे एकत्र आली होती. गिरगाव, दादर, परळच्या चाळींतल्या खोल्यांची पगडी नात्यागोत्यातून, गाववाल्यांच्या तोंडून ठरत असे. पुढे १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा आला, मध्यमवर्गीय माणूस भाड्याच्या खोलीतून मालकीच्या फ्लॅटमध्ये गेला आणि डोंबिवली, मुलुंड, कोथरूड, सिडको अशी नवी वस्ती वाढली. तिथे एका जिन्यावर चार गावांची माणसे राहू लागली. शेजाऱ्याचे मूळ गाव ठाऊक नसलेल्या त्या शहराला एजंटची गरज पडली. ओळखीची जागा त्याने भरून काढली आणि त्या जागेचे मोल घेतले.

ते मोल साधारण १ ते २ टक्के असते आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंकडून घेतले जाते. ८० लाखांच्या घरावर एका बाजूची दलाली ८० हजारांपासून १ लाख ६० हजारांपर्यंत जाते. एजंट जीएसटीखाली नोंदलेला असेल तर त्यावर १८ टक्के कर वेगळा. चांगला एजंट हे पैसे कमावतो. तो सोसायट्यांचे स्वभाव ओळखतो, बँकेत कुठल्या कागदावर अडते हे त्याला माहीत असते, आणि रागाने फोन ठेवलेल्या दोन माणसांना तो पुन्हा बोलते करतो. मात्र त्याच्या मोबदल्यातच एक अडचण आहे. व्यवहार झाला तरच त्याला पैसे मिळतात, म्हणून व्यवहार होणे यात त्याचे हित आहे. तो योग्य होणे हे त्याच्या सचोटीवर सोडलेले आहे. दोन्हीकडून पैसे घेणारा माणूस नेमका कुणाचा, या प्रश्नालाही सरळ उत्तर नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने नोंदणीकृत नव्या प्रकल्पांतली घरे विकणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची केली आणि महारेराने त्यांच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आणली. जुन्या घरांची पुनर्विक्री मुख्यतः या चौकटीबाहेर राहिली आहे. तिथे माणूस पाहूनच विश्वास ठेवावा लागतो, आणि तसे असेल तर समोरच्या पक्षालाच थेट पाहावे असे अनेकांना वाटते.

थेट भेटीची पहिली पायरी म्हणजे माणूस सापडणे. वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत ‘एजंट क्षमस्व’ ही अक्षरे वर्षानुवर्षे छापली गेली. आज तीच अक्षरे मालमत्तेच्या संकेतस्थळांवर आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर दिसतात. तरीही सर्वांत खात्रीचा ग्राहक बहुधा जवळच असतो. त्याच इमारतीतल्या कुणाला आईवडिलांना शेजारी आणायचे असते, भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला मुलांची शाळा न बदलता स्वतःचे घर हवे असते, वरच्या मजल्यावरच्याला खाली यायचे असते. म्हणून जाहिरातीआधी सोसायटीचा सूचना फलक, सचिव, वॉचमन, दूधवाला आणि कोपऱ्यावरचा वाणी यांच्या कानावर गोष्ट घालणे शहाणपणाचे ठरते. घेणाऱ्यानेही हव्या त्या गल्लीत पायी फिरावे आणि फाटकाशी विचारावे. जाहिरात दिल्यावर ग्राहक म्हणून येणारे अनेक फोन एजंटांचेच असतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणता येणे हे या मार्गावरचे रोजचे काम आहे. घर दाखवण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, कुणीतरी सोबतीला असावे आणि मूळ कागद पहिल्या भेटीत कुणाच्या हाती देऊ नयेत. प्रतींवर ‘फक्त पाहण्यासाठी’ असे लिहून त्या द्याव्यात.

नंतर येते किंमत. विकणाऱ्याच्या मनातल्या किमतीत घराबरोबर पुष्कळ काही मिसळलेले असते. कर्जाचे हप्ते भरताना टाळलेल्या सहली, मुलीच्या अभ्यासासाठी बंद करून घेतलेली गॅलरी, खिडकीपर्यंत वाढलेला चाफा, हे सारे तो बेरजेत धरतो. घेणाऱ्याला त्यातले काही दिसत नाही. त्याला जुनी फरशी आणि बदलायचे नळ दिसतात. दोघेही खरे असतात, पण त्यांच्या मधली किंमत भावनेने निघत नाही. ती शोधायला सरकारी नोंदी हाताशी आहेत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर झालेल्या दस्तांचा शोध घेता येतो. प्रत्येक दस्ताचा सारांश सूची क्रमांक दोनमध्ये असतो. सगळे त्याला ‘इंडेक्स टू’ म्हणतात. त्यात मिळकतीचे वर्णन, क्षेत्रफळ, मोबदला आणि तारीख दिलेली असते. त्याच इमारतीतले, त्याच रस्त्यावरचे अलीकडचे व्यवहार काढले की भाव समजतो, आणि तो कुणाच्या तोंडचा नसून नोंदवलेला असतो. दुसरा आधार म्हणजे वार्षिक मूल्य दर तक्ते, अर्थात रेडी रेकनर. तो बाजारभाव नाही; सरकारने मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला तो किमान दर आहे. करारातली किंमत त्याहून कमी असली तरी शुल्क त्या दरानेच लागते. तफावत १० टक्क्यांहून मोठी असेल तर आयकरही वरच्या आकड्यावर पाहिला जातो.

किमतीइतकेच महत्त्व क्षेत्रफळाला आहे. कार्पेट, बिल्टअप आणि ‘सेलेबल’ अशा तीन मापांत एकच घर तीन आकारांचे होते, आणि चौरस फुटाचा दर कोणत्या मापावर बोलला जातो आहे हे न विचारल्यामुळे बोलणी फिसकटतात. टेप घेऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलेले आणि मूळ करारनाम्यात लिहिलेले कार्पेट क्षेत्र धरून बोलणे हा सर्वांत सरळ मार्ग. इमारत जुनी असेल तर आणखी एक प्रश्न उभा राहतो. सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा कुठपर्यंत आली आहे? सर्वसाधारण सभेचे ठराव, विकासकाशी झालेला पत्रव्यवहार आणि वाढीव जागेचे आश्वासन यांनी किंमत कशी बदलते, हे दोघांनीही इतिवृत्त वाचून ठरवावे. ऐकीव माहितीवर एवढी मोठी रक्कम ठेवू नये.

यापुढचे काम सर्वांत रुक्ष दिसते, पण घराचा खरा इतिहास तिथेच असतो. सहकारी सोसायटीतला फ्लॅट विकताना विकणारा आपले भाग आणि त्यांना जोडलेला राहण्याचा हक्क देत असतो. बहुतेक जुन्या संस्थांच्या भाग प्रमाणपत्रावर प्रत्येकी ५० रुपयांचे पाच भाग लिहिलेले दिसतात. २५० रुपयांच्या त्या कागदाच्या पाठीमागे एकेका मालकाचे नाव आणि हस्तांतरणाची तारीख नोंदलेली असते. ही नावे आणि करारनामे जुळले पाहिजेत. बिल्डरने पहिल्या मालकाला दिलेला करार, पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी साखळी अखंड हवी. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत ही साखळी पुष्कळदा एखाद्या जागी तुटलेली सापडते. १० डिसेंबर १९८५ पूर्वी फ्लॅटच्या करारनाम्यांवर आजच्यासारखे मुद्रांक शुल्क लागत नव्हते, त्यामुळे त्या काळचे करार नाममात्र मुद्रांकावर झाले. त्यानंतरच्या एखाद्या करारावर शुल्क कमी भरलेले असेल किंवा तो नोंदवलाच नसेल, तर बँक थांबते आणि जुन्या मालकाचा दोष नव्या मालकाच्या दारात येतो.

साखळीबरोबर आणखी काही कागद पाहावे लागतात. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे का, जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे की मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज पडून आहे, मिळकत पत्रिकेवर किंवा सातबारावर कुणाचे नाव आहे, मालमत्ता कर आणि सोसायटीची देणी भरली आहेत का. घरावर कर्ज असेल तर मूळ कागद बँकेकडे असतात. बँकेकडून बाकी रकमेचे पत्र आणि ठेवलेल्या कागदांची यादी घ्यावी. घेणाऱ्याच्या बँकेने ती रक्कम थेट विकणाऱ्याच्या बँकेत भरावी. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावेत आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. एजंट नसताना तो नियम ग्राहकाने स्वतः माहीत करून घ्यायचा असतो.

सर्वांत नाजूक गाठ वारसांची असते. वडील गेले, नामनिर्देशन थोरल्या मुलाच्या नावे होते, सोसायटीने भाग प्रमाणपत्रावर त्याचे नाव घातले आणि तो घर विकायला निघाला, असे पुष्कळ घरांत होते. नामनिर्देशित व्यक्ती मात्र वारसांच्या वतीने विश्वस्त असते. नामनिर्देशनाने मालकी ठरत नाही. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वकष्टार्जित घरात पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा असतो. लग्न होऊन सांगलीला गेलेली मुलगी आणि अमेरिकेत स्थायिक झालेला धाकटा, दोघांच्या सह्या लागतात, किंवा त्यांनी नोंदवलेले हक्कसोडपत्र लागते. विकणाऱ्याला हा विषय अवघड वाटतो, घेणाऱ्याला विचारायला संकोच वाटतो. एजंट असता तर हा संकोच त्याच्या पदरी पडला असता. तो नाही म्हणून प्रश्न टाळणे हा मोठा धोका आहे. घरात कोण कोण वारस आहेत हे आदराने, पण स्पष्ट विचारले पाहिजे.

म्हणूनच एजंटला रजा देणाऱ्याने वकिलाला रजा देऊ नये. वकील दुय्यम निबंधक कार्यालयातल्या गेल्या ३० वर्षांच्या नोंदी पाहून शोध अहवाल देतो आणि मराठी व इंग्रजी वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देतो. १४ किंवा १५ दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर पुढे जाता येते. त्याचे शुल्क कामाचे असते. व्यवहार होवो वा न होवो, त्याला तेवढेच मिळते, म्हणून ‘हे घर घेऊ नका’ हे वाक्य त्याला सहज उच्चारता येते.

कागद नीट निघाले की दोन कुटुंबे समोरासमोर बसतात. चहा येतो, ओळखी निघतात, कुणाचे तरी आजोळ एकाच तालुक्यात असते. घेणारा तरुण विकणाऱ्याला ‘काका’ म्हणतो, काकू त्याच्या बायकोला स्वयंपाकघरातली ऊन येणारी जागा दाखवतात. हा जिव्हाळा खोटा नसतो आणि एजंटच्या कार्यालयात तो निर्माणही होत नाही. पण नात्याच्या भाषेत नाही म्हणणे कठीण होते. ‘काका, थोडे कमी करा’ याला उत्तर देताना काकांच्या तोंडून नंतर सलणारा आकडा निघतो; ‘तुम्ही घरच्यासारखे आहात’ यावर विसंबून तारखा लिहायच्या राहतात. एजंट दोघांचे कडू शब्द स्वतःजवळ ठेवून गोड तेवढे पुढे पोचवत असे. तो नसताना हे काम संयमाला आणि लेखणीला करावे लागते. प्रत्येक बाजूने बोलायला एकच माणूस ठेवावा. आकडा पहिल्या बैठकीत पक्का करू नये. ‘घरी विचारून सांगतो’ हे वाक्य प्रामाणिक आहे आणि दोघांनाही श्वास घ्यायला वेळ देते. जे ठरले ते त्याच दिवशी लिहून एकमेकांना पाठवावे. लिहिण्याने जिव्हाळा आटत नाही, उलट तो पुढे टिकतो.

या भेटीत एक जुना कायदेशीर धर्मही पाळायचा असतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने कळणार नाही असा मोठा दोष त्याने सांगितलाच पाहिजे. पश्चिमेच्या भिंतीतून श्रावणात झिरपणारे पाणी उन्हाळ्यात घर पाहणाऱ्याला दिसत नाही. ते सांगणे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. तेच कलम घेणाऱ्यालाही बांधते. विकणाऱ्याच्या हक्काबद्दल, त्याचे मोल लक्षणीय वाढवणारी एखादी गोष्ट त्याला स्वतःला ठाऊक नसेल आणि घेणाऱ्याला ठाऊक असेल, तर ती त्याने सांगावी. दोघांनी दोघांचे हित राखावे ही अपेक्षा या देशाच्या कायद्यात १८८२ पासून लिहिलेली आहे. मध्यस्थाविना केलेल्या व्यवहाराला याहून मोठा आधार नाही.

शब्द पक्का झाला की विसार दिला जातो. रक्कम लहान असावी, धनादेशाने किंवा बँकेतून द्यावी आणि विसारपावती लेखी असावी. त्यात घराचे वर्णन, पूर्ण किंमत, हप्त्यांच्या तारखा, साठेखत कधी करायचे आणि विसार कोणत्या परिस्थितीत परत द्यायचा हे लिहावे. कर्ज मंजूर झाले नाही किंवा कागदांत दोष निघाला तर काय, या दोन प्रश्नांवर बहुतेक भांडणे होतात. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्याला १ जून २०१५ पासून आयकर कायद्याने बंदी आहे. तरीही ‘थोडे नंबर दोनमध्ये’ ही मागणी ऐकू येते. ती थेट नाकारणे दोघांच्याही हिताचे आहे. रोख दिलेली रक्कम करारात दिसत नाही, तिच्यावर कर्ज मिळत नाही, वाद झाला तर ती मागता येत नाही, आणि पुढे घर विकताना ती खरेदीच्या किमतीत धरता येत नाही.

साठेखत हे विकण्याचे वचन असते. त्याने मालकी मिळत नाही. मालकी खरेदीखताने जाते, आणि तेही नोंदवल्यावर. कुलमुखत्यारपत्र करून घर ‘विकण्याची’ प्रथा पुष्कळ ठिकाणी होती. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात तिने मालकी मिळत नाही हे स्पष्ट केले. मुखत्यारपत्राचा योग्य उपयोग वेगळा आहे. मालक परदेशात असेल तर तो तिथे साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र इथल्या भावाला किंवा मित्राला पाठवतो आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. मूळ मालक हयात नसेल तर असे मुखत्यारपत्र सर्वसाधारणपणे संपते. म्हणून दस्ताच्या दिवशी त्या मालकाशी व्हिडिओवर बोलून घेणे ही घेणाऱ्याची साधी आणि मोलाची काळजी ठरते.

खर्चाचा मोठा वाटा मुद्रांक शुल्काचा असतो आणि तो घेणारा भरतो. मेट्रो अधिभार धरून मुंबईत ते ६ टक्के, पुणे आणि ठाणे शहरांत ७ टक्के आहे. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले तर १ टक्क्याची सवलत मिळते. ३० लाखांहून अधिक किमतीच्या घराला नोंदणी शुल्क ३० हजार रुपये लागते. पुण्यातल्या ८० लाखांच्या घराला ५ लाख ६० हजार मुद्रांक आणि ३० हजार नोंदणी असा हिशेब होतो. घराची किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर प्रत्येक हप्त्यातून १ टक्का आयकर कापून तो सरकारात भरण्याची आणि विकणाऱ्याला त्याचा दाखला देण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर आहे. ही कपात महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरावी लागते. विकणारा अनिवासी असेल तर कपात बरीच मोठी होते. आयकर विभागाकडून कमी कपातीचा दाखला त्याने आधीच मिळवलेला बरा. विकणाऱ्याला स्वतःचाही हिशेब असतो. २४ महिन्यांहून अधिक काळ सांभाळलेल्या घराच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो. घर २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेले असेल तर निवासी व्यक्तीला महागाईची वजावट घेऊन २० टक्क्यांचा पर्याय आहे. नफा दोन वर्षांत दुसऱ्या घरात गुंतवला तर कर वाचू शकतो. हे सारे सनदी लेखापालाला विचारून आधीच कागदावर मांडले की हातात नेमके किती येणार हे कळते आणि किंमत ठरवताना मन स्थिर राहते.

दस्ताचा दिवस दुय्यम निबंधक कार्यालयात जातो. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करता येतो, पण शहाणी माणसे त्याच दिवशी करतात. माहिती आधीच संगणकावर भरलेली असते, शुल्काचे चलन जोडलेले असते, ओळख पटवायला दोन साक्षीदार सोबत असतात. टोकन लागले की कॅमेऱ्यासमोर बसून छायाचित्र निघते, अंगठा यंत्रावर ठेवला जातो, दस्त मान्य आहे का आणि पैसे मिळाले का असे विचारले जाते. पुष्कळ एजंटांचा खरा हातखंडा या कार्यालयातच असतो; त्यांच्याशिवाय येणाऱ्याला वाचलेला मसुदा, पूर्ण झालेली यादी आणि थोडा धीर एवढेच पुरते. पैशांचा आणि ताब्याचा क्रम मात्र आधीच लिहिलेला हवा. घेणाऱ्याचा स्वतःचा वाटा कधी, बँकेचा धनादेश कधी, मूळ कागद कोणत्या क्षणी आणि चाव्या कधी, हे करारात असले तर कुणाला कुणावर नुसता विश्वास ठेवून दिवस काढावे लागत नाहीत.

नोंदणीनंतर सोसायटीत जाणे उरते. आदर्श उपविधींनुसार विकण्याचा इरादा असलेल्या सदस्याने संस्थेला १५ दिवस आधी सूचना द्यायची असते. संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र हस्तांतरणासाठी आवश्यक नाही, पण कर्ज देणाऱ्या बँका ते मागतात. हस्तांतरण शुल्क ५०० रुपये, प्रवेश शुल्क १०० रुपये, आणि महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५ हजार रुपये अशी मर्यादा आहे. ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून त्यावर काही मागितले तर ते देण्याचे बंधन नाही. अर्ज, राजीनामा, दस्ताची प्रत आणि मूळ भाग प्रमाणपत्र दिले की व्यवस्थापक समिती नव्या सदस्याचे नाव नोंदवते. विजेचे मीटर, गॅसची जोडणी आणि मालमत्ता कराची नोंद यांवरची नावे ज्याची त्याने बदलून घ्यायची असतात. सिंकिंग फंडात विकणाऱ्याने भरलेली रक्कम भागांबरोबर नव्या सदस्याकडे जाते, म्हणून तिचा हिशेब किमतीतच धरलेला असावा.

हा मार्ग सर्वांसाठी नाही हेही तेवढ्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. वारसांत भांडण असेल, घर पगडीचे असून घरमालकाची संमती आणि त्याचा वाटा ठरवायचा असेल, विकणारा परदेशात असून इथे विश्वासाचे कुणी नसेल, किंवा घेणाऱ्याला महिनाभरात राहायला जायचे असेल, तर जाणता आणि सचोटीचा एजंट त्याच्या मोबदल्याहून अधिक त्रास वाचवतो. अशा वेळी त्याला टाळण्यात शहाणपण नाही. मात्र घराचे कागद स्वच्छ असतील, दोन्ही कुटुंबांजवळ चार-सहा महिन्यांचा वेळ असेल आणि वकिलाची फी द्यायची तयारी असेल, तर थेट व्यवहार सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे. त्यात दलाली वाचते आणि त्याहून मोठा एक लाभ होतो. घेणाऱ्याला घराचे गुण आणि दोष राहत्या माणसाच्या तोंडून कळतात, विकणाऱ्याला आपले घर कुणाच्या हाती जाते आहे हे कळते. पावसाळ्यात कुठली खिडकी बंद ठेवायची आणि पाणी किती वाजता येते, हे विचारायला पुढेही फोन करता येतो. शहरातल्या अनोळखी माणसांमध्ये एवढी ओळख निर्माण व्हावी यासाठी दोन्ही बाजूंनी केलेले हे कष्ट योग्यच आहेत.